परड्यातली मोजणी

खोली भाड्यानं देताना घरमालक पगार विचारतात, लग्नाचं काय म्हणून विचारतात, पाहुणे किती येतात ते विचारतात. आप्पांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून टेप काढली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "भिंतीला लावून धरा." वडगावातल्या त्या माडीवर, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी, मी घरमालकाबरोबर खोलीची मोजणी केली. मोजून झाल्यावर आप्पा गंभीर झाले.

"खोली काटकोनात न्हाय. त्या कोपऱ्याला दोन बोटं फरक हाय. आधी सांगितल्यालं बरं. मागनं तक्रार नको."

मी जांबोटीकडची. आमच्या तिकडच्या घरात काटकोन कधी असलाच तर तो पावसानं कधीच खाल्ला. कॅम्पातल्या एका शाळेत मी नुकती शिक्षिका म्हणून लागले होते, गावाकडची बस मनात आलं तर यायची, त्यामुळं खोली तिरकी असो की गोल, मला चालणारच होती. तसं मी म्हणालेही. आप्पा नाराज झाले. दोन बोटांचा फरक जिला चालतो ती मुलांना गणित काय शिकवणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी गणितच शिकवत होते, ते मी त्या दिवशी सांगितलं नाही.

आप्पा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. निपाणीकडच्या तंबाखूच्या रानापासून खानापूरच्या भातखाचरांपर्यंत, जिथं भावाभावांचं फाटलं तिथं आप्पा जमीन मोजायची साखळी घेऊन हजर. खात्यात नवी यंत्रं आल्यावर जुनी लोखंडी साखळी मोडीत निघाली, ती त्यांनी मागून घेतली आणि घरी आणून खुंटीवर लटकवली. देवाला फूल वाहून झालं की तिला एक फूल. निवृत्त झाले तरी माणूस मोजायचा थांबला नव्हता. दारातून तुळशीपर्यंत चालत गेले तरी ओठ हलत असायचे. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भाकरी वाढली की आधी तिच्यावर आडवी वीत ठेवायचे, मग उभी वीत, आणि मान हलवून जेवायला लागायचे. "लांबट झाली" असं एकदा म्हणाले, तर आक्कांनी भाकरी उचलून घेतली आणि दुरडीत परत ठेवली. त्यानंतर ते मनात मोजू लागले.

आक्का शांत बाई. नवऱ्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "लगीन ठरवायला आलते तवा माझी उंची मोजून गेल्यात. मी तवाच वळकायला पायजे हुतं."

घराच्या मागं परडं होतं आणि तेच सगळ्या गोष्टीचं मूळ. घराचे दोन भाग झालेले होते, एकात आप्पा, दुसऱ्यात त्यांचे धाकटे भाऊ. कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं आप्पा त्यांना तम्मा म्हणायचे, आणि गल्लीनं मान म्हणून त्याला अण्णा जोडलं, तेव्हापासून ते तम्माण्णा. परडं मात्र समाईक राहिलेलं. सगळ्या जिल्ह्याची वाटणी करणाऱ्या माणसाचं स्वतःचं परडं न वाटलेलं. कारण सोपं होतं. आप्पा म्हणायचे, आपल्या जागेची मोजणी आपण करू नये. आणि दुसरा कुणी करतो म्हटलं तर म्हणायचे, त्याला येत नाही. त्यामुळं दोन्ही घरांची मागची दारं एकाच परड्यात उघडायची, एकाच दोरीवर दोन्ही घरचे कपडे वाळायचे, आणि आमटी कुणाच्या चुलीवरची आहे हे वाटी परत जाताना कळायचं.

परड्याच्या मधोमध तम्माण्णांची मागाची खोली होती. माग विकून झाले होते, खोलीत तेलाचा वास आणि कांड्या ठेवायची लाकडी खोकी तेवढी उरलेली. त्या खोलीत आक्कांच्या कोंबड्या राहायच्या. जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं, भिंतीला खोकी रचून केलेले अंडी घालायचे खण. सगळं नीट चाललं होतं. मग तम्माण्णांनी रिकाम्या वेळाला काहीतरी हवं म्हणून संकेश्वरच्या बाजारातून तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली, नाकासमोर बघून न चालणारी तरणी कोंबडी. त्या अंड्यावर आल्या आणि घराची शांतता गेली.

खण भरपूर होते. पण जुन्या काय आणि नव्या काय, साऱ्याजणींना कोपऱ्यातला तो एकच खण हवा असायचा. बाकीचे रिकामे, आणि कोपऱ्यासमोर रांग. आप्पा निवृत्तीनंतर कामाला भुकेलेले होतेच. त्यांनी कचेरीतली मोठी मोजणीची छत्री काढली, मागाच्या खोलीच्या दारात रोवली, तिच्याखाली खुर्ची टाकली आणि प्रकरण हाती घेतलं.

पहिल्यांदा त्यांनी कोंबड्यांना हुद्दे दिले. जुन्यांत सगळ्यात म्हातारी होती ती शिरस्तेदारीण. तुरा एका डोळ्यावर पडलेला, अंडं कधी मनात आलं तर, पण रोज सकाळी ठरलेल्या वेळेला कोपऱ्यातल्या खणात जाऊन बसणार आणि दुपारपर्यंत उठणार नाही. नव्या तलंगा सगळ्या उमेदवार. "उमेदवार वाढले, जागा एकच," आप्पा मला म्हणाले, "खात्यात पण ह्येच हुतं."

मग वाटणी. सगळे खण टेपनं मोजून त्यांनी जाहीर केलं की खण समान आहेत, तक्रारीला जागा नाही. उजवीकडचे जुन्यांना, डावीकडचे नव्यांना. लाल निशाण जुन्यांचं, पांढरं नव्यांचं. कोंबड्यांनी निशाणं टोचून बघितली, खायची नाहीत हे कळल्यावर परत कोपऱ्यासमोर रांग लावली. तम्माण्णा दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी आत डोकावलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आप्पा, कोपऱ्यातला खण बोटभर मोठा हाय. म्हणून समद्या तिकडं पळत्यात."

आप्पा खुर्चीवरून उठले. "माझं माप चुकलं म्हणतोस?"

"व्हय. बोटभर."

एखाद्याला चोर म्हटलं असतं तर मिटलं असतं. मोजणीदाराला माप चुकलं म्हणणं म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्यावर ओली पुसणी फिरवणं. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. आणि बोलायचं तर होतंच, कारण परडं एक, दोरी एक, कोंबड्या एका खोलीत. मग ते माझ्यामार्फत बोलायला लागले. मी शाळेतून येऊन स्कूटर लावतेय तोवर एका दारातून आवाज यायचा, "बाई, त्येंला सांगा, दोरीवरचा टॉवेल काढा म्हणावं." दुसऱ्या दारातून लगेच, "बाई, त्येला सांगा, वाळल्याबिगार काढत न्हाय." दोघं एकमेकांपासून चार पावलांवर उभे असायचे. मी मध्ये हेल्मेट घालून उभी असायचे. सुरुवातीला मी खरंच निरोप सांगायचे. मग लक्षात आलं की मी नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

आप्पांच्या उपायांना आता नेट चढला. निशाणं निकामी ठरल्यावर त्यांनी वेळा ठरवून दिल्या. ऊन परड्यातल्या शेवग्यावर येईपर्यंत जुन्या, त्यानंतर नव्या. स्वतः दारात उभे राहून ते तलंगांना छत्रीच्या काठीनं अडवायचे. आता अंडं काही अर्ज नव्हे की उद्या या म्हणावं. एका तलंगेला धीर निघाला नाही. ती आप्पांच्या दोन पायांत घुसली, गोल फिरली आणि त्यांच्या डाव्या चपलेवर अंडं घालून गेली. आप्पा जागचे हलले नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा ते तसेच उभे होते. "पंचनामा हुईस्तोवर हलवायचं न्हाय," म्हणाले. पंच म्हणून मी आणि आक्का. आक्कांनी अंडं उचललं आणि आत गेल्या. पंचनामा संपला.

मग आक्कांच्या जुन्या लुगड्याचे पडदे शिवून खणांना लावले. आड असलं की भांडण राहत नाही, असा त्यामागं विचार. पडदे कोंबड्यांना आवडले, नाही असं नाही. पण आत कोण बसलंय हे बाहेरून दिसेना. शिरस्तेदारीण रोजच्या सवयीनं पडद्यातून आत शिरली, आत आधीच एक उमेदवार बसलेली, आणि त्यानंतर जो ओरडा झाला त्यानं शेजारचे चालू माग थांबवून लोक बघायला आले. आप्पांनी शिरस्तेदारणीला निलंबित केलं, म्हणजे बुट्टीखाली झाकलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दुसरी जुनी कोंबडी तितक्याच तोऱ्यात बसलेली. बुट्टीखालच्या निलंबित बाई तिकडं बघत आतल्या आत बडबडत होत्या.

आणखी एक भानगड होती ती अंड्यांची. कोपऱ्यातल्या खणात निघालेलं अंडं कुणाचं? जुनीचं असेल तर आप्पांचं, तलंगेचं असेल तर तम्माण्णांचं. दोघांपैकी कुणी हात लावेना. आप्पांनी निवाडा दिला की वादातलं अंडं तिऱ्हाइतानं खायचं. परड्यात तिऱ्हाईत मी एकटी. वादातली सगळी अंडी मग मला यायला लागली. पोळी-अंडं, अंड्याची आमटी, उकडलेली अंडी डब्यात. आमच्या शाळेतल्या बाया विचारायच्या की घरमालकाचा पोल्ट्रीचा धंदा आहे का. त्या वर्षात माझे सगळे ब्लाऊज मला उसवून घ्यावे लागले. दोन भावांच्या भांडणावर अंगानं भरलेली मी पहिलीच बाई असेन.

मी एकदा आप्पांना उपाय सुचवला. आमच्याकडं आई एक अंडं मुद्दाम खणातच सोडते. कोंबडी ते बघते, तिला वाटतं इथं बरं आहे, आणि ती तिथंच जाऊन बसते. कोपरा सोडून दुसऱ्या खणांत एकेक अंडं ठेवून बघा की. नाहीतर अंड्याएवढा पांढरा दगड ठेवला तरी फसतात, इतक्या भोळ्या असतात त्या. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि चष्मा काढला.

"म्हंजे आमिष," ते म्हणाले. "बाई, मोजणीच्या जागी कुणाला काय दावायचं न्हाय, कुणाकडनं काय घ्यायचं न्हाय. मी शेतकऱ्याचं गुळपाणीसुद्धा दोन्ही भावांच्या घरात सारखं घेतलंय."

इतकं सगळं हसण्यावारी चाललं होतं ते एका सकाळी थांबलं. तम्माण्णांची एक तांबूस तलंग होती, ती त्यांच्या खांद्यावर बसायची, त्यांच्या हातातली शेव खायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ती तलंग चुकून कोपऱ्यात शिरली आणि शिरस्तेदारणीनं तिचं डोकं टोचून रक्तबंबाळ केलं. तम्माण्णा तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते आणि जखमेत हळद दाबत होते. मी स्कूटर काढत होते. ते माझ्याकडं न बघता बोलले, रागात कन्नडही आलं.

"बाई, त्येंला सांगा, पुरं झालं. साकु. मधी भिंत घालायची. परडं बी आनि मागाची खोली बी. त्येंच्या कोंबड्या तिकडं, माझ्या हिकडं. माणसं बी."

चार दिवसांत ट्रॅक्टरनं विटा आल्या आणि परड्यात रचल्या गेल्या. गवंडीही ठरला. आक्का त्या दिवशी दोरीवरचे कपडे काढताना धाकट्या दिराचा शर्ट घडी घालून बराच वेळ हातात धरून उभ्या होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर दोघांचाही राग आला. दोन थोराड माणसं, आणि एका खोक्यावरून घर फोडायला निघालेली.

संध्याकाळी आप्पा माझ्या खोलीत आले. येताना सवयीनं दारापासून खिडकीपर्यंतची पावलं मोजली, मग स्टुलावर बसले. छत्री दोन गुडघ्यांत धरलेली.

"बाई, तुमाला एक सांगतो. मी जिथं जिथं साखळी टाकली, तिथलं भाऊ परत एका पंगतीला बसल्यालं मी बगितलं न्हाय. मोजायला सुरू करायचो तवा दोघं माझ्या दोन अंगाला चालायचे. काटं काढायचे, साखळी धरायचे. मोजून झालं की एक हिकडं, एक तिकडं. मग च्या बी दोन घरात येगळा प्यायला लागायचा. ती साखळी आमच्या परड्यात टाकायची म्हंजे..."

"मग तुम्ही बोला की त्यांच्याशी," मी म्हणाले.

"काय बोलू?"

"माप बरोबर होतं म्हणून सांगा, नाहीतर चुकलं म्हणून सांगा. काहीतरी सांगा."

आप्पा खिडकीतून खाली विटांकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चुकलंच हाय. बोटभर मोठा हाय त्यो खण. तम्मा गेल्यावर मी परत मोजला."

मी म्हणाले, "मग एवढंच सांगायचं ना त्यांना."

"एवढंच?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, माझ्या मापावर लोकांनी कुंपणं घातली, हिरी पाडल्या, कोर्टात शपथा घेतल्या. आता मीच म्हणू, की माझं माप चुकतंय? मग त्या समद्यांनी काय करायचं? रातीत उठून कुंपणं हलवायची?"

त्यांचे डोळे भरले होते. माणूस हास्यास्पद होता आणि तरी मला त्याचं हसू आलं नाही. पायऱ्या उतरताना त्यांनी पावलं मोजली नाहीत.

तम्माण्णांची एक अट होती, आणि ती ऐकून मला आणखीच गलबलून आलं. गवंड्यानं दुसरा मोजणीदार सुचवला तर तम्माण्णा त्याच्यावर वसकन आले. "बाई, त्येंला सांगा, मोजायचं तर त्येंनीच. दुसऱ्याच्या मापाचा मला भरवसा न्हाय." बोटभर चूक काढलेल्या भावाचाच त्यांना भरवसा होता.

मग रविवारी मोजणी झाली. आप्पांनी कोट घातला, खुंटीवरची साखळी काढली, तिला हळदकुंकू लावलं. साखळीचं एक टोक आप्पांच्या हातात, दुसरं तम्माण्णांच्या. आप्पांनी सांगितलं होतं तसेच दोघे भाऊ चालत होते, एक या अंगाला, एक त्या अंगाला. साखळीच्या कड्या खुळखुळत होत्या. मी छत्री धरली होती. रेघ परड्यातून निघाली, मागाच्या खोलीच्या दारातून आत शिरली, तुसावरून भिंतीकडं गेली आणि बरोबर कोपऱ्यातल्या त्या खणाच्या मध्यावर जाऊन टेकली. ज्यावरून हे सगळं झालं तो खण अर्धा आप्पांचा, अर्धा तम्माण्णांचा निघाला.

आता हद्दीचे दगड. शेतात मोठे रोवतात. आप्पांनी बुट्टी पुढं ओढली, तिच्यात नदीतले गुळगुळीत गोटे होते, प्रत्येक मुठीत मावेल एवढा, आणि साऱ्यांना त्यांनी स्वतः बसून पांढराशुभ्र चुना दिलेला होता.

"एवढे बारके?" मी विचारलं.

"जागा बारकी, दगड बारके. स्केल म्हणत्यात त्येला," आप्पा म्हणाले. "भिताड घालताना मेस्त्रीला दिसलं म्हंजे झालं."

ते रेघेवर एकेक गोटा ठेवत गेले, परड्यात, मग खोलीत तुसात जरा जरा रुतवून, आणि शेवटचा कोपऱ्यातल्या खणात. तम्माण्णांनी खाली वाकून एक डोळा मिटून सगळी रेघ बघितली. मग सरळ झाले, पण त्यांचा आवाज बदललेला होता.

"बाई, त्येंला सांगा, बोटभर माझ्याकडं जास्त आलंय."

"त्येला सांगा," आप्पा साखळी गोळा करत म्हणाले, "आलंय ते आलंय."

तम्माण्णा काही वेळ त्या दगडांकडं बघत उभे राहिले आणि आत गेले. मला वाटलं आता मिटलं. पण मिटलं नाही. विटा आल्या होत्या, गवंड्याला इसाराचे पैसे गेले होते, आणि दोघांपैकी कुणालाच मागं यायची वाट माहीत नव्हती. सकाळी पाया खणायचा ठरलेलाच राहिला.

सकाळी मला जाग आली ती शांततेनं. मागाच्या खोलीतून भांडणाचा आवाज नव्हता. मी खाली आले तर गवंडी खोलीच्या दारात कुदळ घेऊन उभा होता, आणि आक्का त्याच्या पाठीमागून डोकावत होत्या. आत रेघेवर कोंबड्या बसल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तूस उकरून, अंग फुगवून, जुन्या आणि नव्या आलटून पालटून, प्रत्येकजण आपापला हद्दीचा दगड पोटाखाली घेऊन. कुणी कुणाला टोचत नव्हतं. कोपऱ्यातल्या खणात शिरस्तेदारीण होती. तिच्या अंगावर रेलून, डोक्याला हळद लावलेली ती तांबूस तलंग. दोघींना मिळून एकच दगड होता.

आप्पा आले. तम्माण्णा आले. आम्ही सगळे दाटीवाटीनं दारात उभे राहिलो. गवंड्यानं एका कोंबडीखाली हात घालायला वाकून बघितलं, तिनं गळ्यातून जो आवाज काढला त्यानं तो सरळ झाला.

"खुडूक हाईत वो," तो म्हणाला. खुडूक म्हणजे उबवायला बसलेली कोंबडी, तिला माणसांनीसुद्धा अदबीनं वागवायचं असतं. "बसल्यालीला उठवायचं न्हाय, सावकार. घरात बाळंतीण हाय म्हणायचं आनि थांबायचं. पिल्लं निघाली की खणू." आणि त्यानं कुदळ खांद्यावर टाकली.

त्याला दगड दिसले नव्हते असं नाही. दिसले होते, सगळ्यांनाच दिसले होते. पण आक्कांनी वाटीत पाणी आणलं, जोंधळे आणले आणि बाळंतिणीच्या खोलीत जावं तशा पाऊल न वाजवता आत गेल्या. एकेकीच्या पुढं चिमूट चिमूट ठेवत त्या रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग बाहेर येऊन दोघा भावांकडं बघत म्हणाल्या, "पिल्लं निघंस्तोवर हिकडं कुणी पाय वाजवायचा न्हाय."

मी मध्ये होते, सवयीनं. मग तम्माण्णांनी मला हातानं जरा बाजूला केलं.

"आप्पा," ते म्हणाले. "दगडातनं पिल्लं कवा निघत्यात?"

आप्पांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. घसा साफ केला. कोंबड्यांची रांग नजरेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली.

"सरकारी काम हाय, तम्मा. येळ लागतोय."

भिंत झाली नाही. कोंबड्या यथावकाश उठल्या, काहीजणी पुन्हा बसल्या, दुसऱ्या आल्या. बसायची ओढ त्यांना आता कोपऱ्याची राहिली नव्हती, रेघेची होती. अंडीही रेघेवरच मिळायची. तिथली अंडी कुणाची हा प्रश्न कुणी काढला नाही आणि माझी अंडी बंद झाली. विटांवर शेवाळ आलं, त्यातल्या काही आक्कांनी पाणी तापवायच्या चुलीला घेतल्या, काही तम्माण्णांनी कपडे धुवायचा दगड टेकवायला. दगडांवरचा चुना कोंबड्यांच्या पोटाला लागून जायचा. मग दोघे भाऊ पायरीवर बसून गोट्यांना नवीन चुना द्यायचे आणि जागच्या जागी ठेवून यायचे. दगड नेमके कुठं ठेवायचे यावरून त्यांचं रोज भांडण व्हायचं, एकमेकांच्या तोंडाकडं बघून.

ते बारके दगड म्हणजे आप्पांची चूक होती की चलाखी, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. अंड्याएवढ्या पांढऱ्या दगडाची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. आमिष म्हणून त्यांनी ती झिडकारलीही होती. मी विचारलं असतं तर ते स्केल म्हणाले असते. मी विचारलं नाही, कारण मला दोन्ही उत्तरं सारखीच आवडली असती.

पुढं माझी बदली झाली, मग लग्न झालं, वडगाव सुटलं. आप्पा गेल्याचं आक्कांनी फोनवर सांगितलं तेव्हा शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मला लगेच जाता आलं नाही. गेले तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. आक्का आत झोपल्या होत्या. खुंटीवर साखळी होती, तिला ताजं फूल होतं.

मागच्या दारातून परड्यात गेले. दोरीवर दोन्ही घरचे कपडे वाळत होते. मागाच्या खोलीच्या दारात ती मोठी छत्री रोवलेली, आणि तिच्याखाली, आप्पांच्या खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर, तम्माण्णा. पुढ्यात चुन्याचं डबडं. ते एकेक गोटा बुडवून उन्हात ठेवत होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि काम चालू ठेवलं. मला रडू येत होतं, म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"तम्माण्णा, अजून निघाली नाहीत पिल्लं?"

"सरकारी काम हाय, बाई," ते म्हणाले. "येळ लागतोय."

वाळलेला एक गोटा उचलून ते आत गेले. मीही मागं गेले. कोंबड्यांनी त्यांना वाट दिली. त्यांनी तो रेघेवर ठेवला, खिशातून आप्पांची टेप काढली, भिंतीपासून मोजलं, परत मोजलं. मग तो दगड बोटभर स्वतःच्या बाजूला सरकवला, आणि आप्पांची जागा त्यांना परत दिली.